एकशे ब्याण्णव मतं

कुणी भाकरी थापताना ऐकत असेल, कुणी शेळ्यांना पाला टाकून आत्ताच टेकली असेल. दहा-पंधरा मिनिटं माझ्यासाठी ठेवा.

आज मी एका आमदारांच्या निवडणुकांचा इतिहास सांगणार आहे. लगेच रेडिओ बंद करू नका. आमदार, निवडणूक म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी म्हणतात, "ते गड्यांचं काम, आपल्याला काय त्याचं?" म्हणून मी सुरुवात आपल्या ओळखीच्या हिशेबानं करते.

आमच्या ग्रामसंघात सोळा गट आहेत. एका गटात बारा जणी. सोळा बारे एकशे ब्याण्णव. महिन्याच्या बैठकीला आम्ही सगळ्या आलो तर शाळेच्या पटांगणात सतरंज्या पुरत नाहीत, पण गावाच्या मानानं आम्ही काही फार नाही. आता लक्षात ठेवा, १९२. पन्नास वर्षांहून जास्त काळ आमदार राहिलेला माणूस एका निवडणुकीत बरोबर एवढ्याच मतांनी पडला होता.

ते आमदार म्हणजे सांगोल्याचे गणपतराव देशमुख. लोक त्यांना आबासाहेब म्हणायचे. माझं माहेर सांगोला तालुक्यातलं आणि सासर शेजारच्या तालुक्यातलं, म्हणून लहानपणापासून हे नाव कानावर आहे. एक गोष्ट आधीच सांगते. हे भाषण कुणाच्या प्रचाराचं नाही. माझ्या वडिलांनी कुणाला मत दिलं हे मला आजही माहीत नाही, आणि आईनं कुणाला दिलं हे वडिलांना कधी कळलं नाही. आपल्या गटाचा नियमच आहे, बैठकीत पक्ष आणायचा नाही. पण इतिहास आणायला हरकत नाही.

गणपतरावांचा जन्म मोहोळ तालुक्यातल्या पेनूर गावचा. कायद्याचं शिक्षण घेऊन ते वकील झाले आणि सांगोल्यात आले. पक्ष शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप, लाल बावट्याचा. हा पक्ष १९४७ साली निघाला. काँग्रेसमधून बाहेर पडलेले शंकरराव मोरे, केशवराव जेधे अशी मंडळी त्याच्या मुळाशी होती. शेतकऱ्याच्या मालाला भाव, कुळाला जमीन, मजुराला मजुरी ही त्यांची भाषा.

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि १९६२ ला या नव्या राज्याची पहिली विधानसभा निवडणूक आली. तेव्हा जागा होत्या २६४. त्यातल्या २१५ एकट्या काँग्रेसनं जिंकल्या. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री. शेकापला मिळाल्या १५. त्या पंधरांत एक सांगोला. गणपतराव पहिल्यांदा आमदार झाले ते असे, समोर सत्तेचे दोनशे पंधरा आणि आपण पंधरा. १९६७ ला ते पुन्हा निवडून आले.

मग आलं १९७२. आपल्या आज्यांना हे साल निवडणुकीमुळं नाही, दुष्काळामुळं आठवतं. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडी, तगाई. निवडणूक त्या वर्षाच्या सुरुवातीला झाली. त्याच्या आदल्या डिसेंबरात बांगलादेशचं युद्ध जिंकलेलं, इंदिरा गांधींची लाट होती. काँग्रेसला २७० पैकी २२२ जागा मिळाल्या आणि शेकाप सातावर आला. त्या लाटेत गणपतराव पडले. दहा वर्षांची आमदारकी गेली.

पुढं सांगोल्याची जागा रिकामी झाली आणि १९७४ ला पोटनिवडणूक लागली. ते उभे राहिले, निवडून आले. त्यानंतर १९७८, १९८०, १९८५, १९९० अशा चार निवडणुका त्यांनी ओळीनं जिंकल्या. १९७८ ला शरद पवारांचं पुलोद सरकार आलं तेव्हा ते मंत्री झाले. ते सरकार दोन वर्षंही टिकलं नाही, १९८० च्या फेब्रुवारीत बरखास्त झालं, आणि हे पुन्हा विरोधी बाकावर.

इथं जरा थांबते, कारण गटात हमखास प्रश्न येतो: "इतकी वर्षं आमदार, मग सांगोल्याचा दुष्काळ का नाही हटला?" प्रश्न रास्त आहे. माण नदीच्या काठचा हा मुलूख, पाऊस रुसलेला. आमच्या माहेरी हंडाभर पाण्यानं भांडी, त्याच पाण्यानं हातपाय आणि उरलेलं झाडाला, हे मी स्वतः केलंय.

उत्तर असं की आमदाराच्या हातात तिजोरी नसते. तिजोरी सरकारच्या हातात. आमदार सभागृहात प्रश्न विचारतो, लक्षवेधी मांडतो, म्हणजे मंत्र्याला उठून उत्तर द्यायला लावतो. अर्थसंकल्पावर बोलतो. कायद्यात दुरुस्ती सुचवतो. विरोधी बाकावरचा आमदार तर मागून मागून, भांडून भांडूनच काही मिळवतो. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी गणपतरावांनी आणि वाळव्याच्या क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून वर्षानुवर्षं लावून धरली. टेंभूची योजना, म्हैसाळची योजना ही नावं आपल्या भागात पोरांनाही पाठ आहेत. पाणी आलं ते फार उशिरा, सगळ्यांना सारखं आलं नाही, आणि अजून बरंच यायचंय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माणूस पाण्यासाठी झटला हेही खरं आणि आपल्या आयांची हयात हंडे वाहण्यात गेली हेही खरं.

दुसरं काम सूतगिरणीचं. सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी राहिली, पुढं महिलांचीही सहकारी सूतगिरणी झाली. जिथं शेती पावसाच्या भरवशावर, तिथं पगाराची नोकरी म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि तिसरी गोष्ट एसटीची. आमदार असून हा माणूस एसटीनं फिरायचा. स्टँडवर माणसं त्यांना गाठून काम सांगायची. आपल्यासारखीला यातलं महत्त्व कळतं. ज्याच्याकडं जायला गाडी लागत नाही, चिठ्ठी लागत नाही, त्याच्याकडं बाई माणूस एकटं जाऊ शकतं.

आता येते १९९५ वर.

तेव्हा मी पाच-सहा वर्षांची होते. मतदान कागदाच्या मतपत्रिकेवर व्हायचं. आवडीच्या चिन्हासमोर फुलीचा शिक्का मारायचा, घडी घालायची, पेटीत टाकायची. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेघेवर पडला, कुणाला दिलंय ते कळेना, की मत बाद. शिक्क्याऐवजी अंगठा उमटवला तरी बाद. माझी आजी सांगायची, आत गेल्यावर हात थरथरायचा, आणि बाहेर येऊन कुणाला विचारायची सोय नसायची.

त्या निवडणुकीत राज्यात मोठी उलथापालथ झाली. काँग्रेस सत्तेतून गेली, शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. सांगोल्यात मात्र वेगळंच घडलं. इथं काँग्रेसचे तरुण उमेदवार शहाजीबापू पाटील जिंकले. "काय झाडी, काय डोंगार" म्हणून पुढं गाजले ते हेच शहाजीबापू. त्यांनी गणपतरावांना हरवलं ते १९२ मतांनी.

एकवीस वर्षं सलग आमदार असलेला माणूस १९२ मतांनी घरी बसला. आणि त्या १९२ चा हिशेब अजून बारीक करा. समजा, जिंकलेल्या बाजूची फक्त ९६ माणसं फिरली असती आणि तीच मतं दुसऱ्याला पडली असती, तर दोघांची बरोबरी. बरोबरी झाली तर कायद्यानं चिठ्ठी टाकतात, आपण भिशीला टाकतो तशीच. चिठ्ठी ज्याची निघेल त्याला एक मत जास्त धरतात आणि तो आमदार. ९७ फिरली असती तर चिठ्ठीचीही गरज नव्हती. आठ गट आणि वर एक बाई, एवढाच तो आकडा.

हे मी मुद्दाम दोन्ही बाजूंनी सांगते. ज्यांना गणपतराव हवे होते त्यांच्यातले किती जण "आबासाहेब काय, येतातच निवडून" म्हणून घरी बसले असतील? आणि ज्यांना बदल हवा होता त्यांच्यातल्या एकेकानं उन्हातून जाऊन मत दिलं, म्हणून बदल झाला. त्यांचंही मत फुकट गेलं नाही.

पडल्यावर गणपतरावांनी काय केलं? पक्ष बदलला नाही. दुसरा सोपा मतदारसंघ शोधला नाही. चार वर्षांनी, १९९९ ला, त्याच सांगोल्यातून त्याच लाल बावट्यावर उभे राहिले आणि निवडून आले. विलासराव देशमुखांच्या सरकारात शेकाप सामील झाला तेव्हा दुसऱ्यांदा मंत्री झाले. पुढं २००४, २००९, २०१४. शेवटच्या निवडणुकीत ते नव्वदीच्या जवळ आले होते आणि जिंकले सुमारे २५ हजार मतांनी, समोर पुन्हा शहाजीबापूच.

बोटं मोजा. १९६२, १९६७, १९७४, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. अकरा वेळा. एकच पक्ष, एकच मतदारसंघ. महाराष्ट्रात अकरा वेळा दुसरं कुणी निवडून आलेलं नाही. दोनदा मंत्री, बाकी बहुतेक सगळा काळ विरोधात. यशवंतराव चव्हाणांपासून देवेंद्र फडणवीसांपर्यंतचे मुख्यमंत्री त्यांनी सभागृहात बसून पाहिले. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात ते गेले.

पण गोष्ट इथं संपत नाही. २०१९ ला ते वयामुळं उभे राहिले नाहीत. त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. समोर शहाजीबापू, आता शिवसेनेकडून. दोघांना मिळून दोन लाखांच्या जवळपास मतं पडली आणि शहाजीबापू जिंकले ७६८ मतांनी. १९९५ च्या गुलालानंतर दुसरा गुलाल त्यांना चोवीस वर्षांनी मिळाला, हीही चिकाटी म्हणायची. पुढं २०२४ ला बाजू पुन्हा पालटली. गणपतरावांचे दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून निवडून आले, फरक २५ हजारांच्या आसपास.

७६८ म्हणजे किती? बारा-बारा जणींचे चौसष्ट गट. आमच्यासारखे चार ग्रामसंघ.

आता माझी गोष्ट सांगते. हे मी गटात सांगितलंय, रेडिओवर पहिल्यांदाच सांगतेय.

२०१९ ला माझं मत सांगोल्यात होतं. लग्न होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. सासरच्या रेशनकार्डात नाव आलेलं, गॅसच्या पुस्तकावर आलेलं, बँकेत गटाचं खातं मीच चालवत होते. मतदार यादीत मात्र मी माहेरीच राहिले होते. मतदानाच्या दिवशी पोराला ताप होता, एसटी दुपारी होती, म्हटलं एका मतानं काय होतंय. गेले नाही. निकालाच्या दिवशी ७६८ ऐकलं आणि मनात म्हटलं, माझ्यासारख्या, सासरी आलेल्या आणि यादीत माहेरी राहिलेल्या, ७६८ तरी लेकी असतीलच की.

तेव्हाही मी नुसतं मनात म्हटलं. नाव बदलायला गेले एकदा, तर कागद अपुरा म्हणून परत पाठवलं आणि मी परत गेलेच नाही.

मग आली आमची ग्रामपंचायत. आमच्या गटाच्या अध्यक्ष ताई उभ्या राहिल्या. सातवी शिकलेल्या, पण दहा वर्षांत गटाचं एक कर्ज थकू दिलं नाही अशी बाई. मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरले. "ताईंना मत द्या" म्हणून दोन आठवडे घसा कोरडा केला. ग्रामपंचायतीची मतदार यादी विधानसभेच्याच यादीवरून वॉर्डावार फोडून करतात, हे मला माहीत होतं. तरी मतदानाच्या दिवशी यादीत नाव शोधत उभी राहिले. माझं नाव नव्हतं. माझ्या जावेचंही नव्हतं.

ताई दोन मतांनी पडल्या.

मी आणि माझी जाऊ. दोन मतं. बरोबरी झाली असती, चिठ्ठी निघाली असती, पुढं नशीब. पण चिठ्ठीपर्यंतसुद्धा मी त्यांना पोचवलं नाही. ताई मला एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हप्ता भरायला आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आता परत न्हाई बाई उभं राहायचं. हसं झालं."

त्या रात्री मला झोप आली नाही. त्या आठवड्यात मी आणि जाऊ, दोघी गेलो, आणि या वेळी कागद पुरे होईपर्यंत हललो नाही.

आपल्या नावांचा हा घोळ जुना आहे बरं का. स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक १९५१-५२ ला झाली. बाईला मत मिळालं ते पहिल्याच निवडणुकीपासून, पुरुषाच्या बरोबरीनं. पण यादी करायला माणूस दारात आला की उत्तरेकडच्या कितीतरी बाया स्वतःचं नावच सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, स्वतःचं नाव असल्याशिवाय यादीत घ्यायचं नाही. देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं अशी निघाली. ऐकायला कठोर वाटतं, पण त्यामुळं पुढच्या वेळी बायकांनी नावं सांगितली. त्यांना नाव सांगायची लाज होती. आपल्याला लाज नाही, आपल्याला सवड नाही, एवढाच फरक.

आणि शेवटचा मुद्दा. १९६२ पासून सांगोल्याच्या आमदारांची यादी मी तुम्हाला सांगितली. त्यात एकही बाई नाही. सांगोलाच कशाला, २०१९ च्या विधानसभेत २८८ आमदारांत निवडून आलेल्या बाया होत्या २४. बारा आमदारांत एक बाई. आपल्या बाराच्या गटात एकच बाई आणि अकरा गडी बसले तर ती किती बोलेल, विचार करा. २०२३ ला संविधानात दुरुस्ती झाली आहे, लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांसाठी. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर ती लागू होईल. २८८ ची एक तृतीयांश म्हणजे ९६. त्या ९६ जणी कुठून येणार? ग्रामपंचायतीत आपल्याकडं २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. तिथं पडलेल्या, उठलेल्या, पुन्हा उभ्या राहिलेल्या बायांतूनच त्या यायला हव्यात. नाहीतर कुणाची तरी बायको, कुणाची तरी सून म्हणून येतील, आणि कागदावर सही तेवढी त्यांची असेल.

म्हणून मी ताईंना गणपतरावांची गोष्ट सांगितली. अकरा विजयांची नाही. १९७२ आणि १९९५ ची. म्हटलं, एवढा मोठा माणूस दोनदा पडला, एकदा तर आपल्या ग्रामसंघाएवढ्या मतांनी. त्यांचं हसं झालं का? ताई म्हणाल्या, "ते आमदार, मी कोण?" मी म्हटलं, "ते पडले तेव्हा आमदार नव्हते, ताई. पडल्यावर तेही तुमच्यासारखेच होते." त्या काही बोलल्या नाहीत. हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. अर्ज भरायच्या वेळेपर्यंत मी विचारत राहणार आहे.

तोवर आपण एक काम करू. पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा झाले, सह्या झाल्या की गावची मतदार यादी मधे ठेवा. बीएलओकडं ती असते, मोबाइलवरही मिळते. एकेकीनं आपलं नाव वाचायचं, स्वतःचं, मोठ्यानं. ज्या लेकीला अठरा पुरी झाली तिचा नमुना ६ भरायचा. जी सून माहेरच्या यादीत अडकली तिचा नमुना ८ भरायचा, तोच पत्ता बदलायचा अर्ज. नावात चूक असेल तर तीही नमुना ८ मधेच दुरुस्त होते. कागद अपुरा म्हणून परत पाठवलं तर एकटीनं परत येऊ नका, दुसऱ्या खेपेला दोघी जा. गटाच्या इतिवृत्तात लिहून ठेवा: सभासद इतक्या, यादीत इतक्या. दोन्ही आकडे एक होईपर्यंत दर महिन्याला लिहा.

आमच्या ग्रामसंघात पहिल्यांदा मोजलं तेव्हा १९२ पैकी ३१ जणी यादीत नव्हत्या. आज सात उरल्यात. त्यातली एक आमच्याच गल्लीतली नवी सून आहे, उद्या सकाळी तिच्याकडं जायचंय.

कुणाला मत द्यायचं ते मी सांगणार नाही, आणि तुम्हीही मला सांगू नका.